दोन बोटं वर आलेली जमीन

टायरचा किती भाग जमिनीला टेकतो, असं मी आमच्याकडे येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला एकदा तरी विचारतो. कुणी दोन्ही हात पसरून दाखवतात, कुणी म्हणतात अर्धा. खरं म्हणजे तो भाग तळहाताएवढा असतो. मोठी गाडी असली तर तळहात आणि त्याला जोडून बोटं. अडीच टनांची गाडी, आत सात माणसं, मागे लग्नाच्या बॅगा, आणि हे सगळं चार तळहातांवर तोललेलं शंभरच्या वेगानं पळत असतं. बावीस वर्षं मी हेच काम करतो आहे आणि या गोष्टीचं नवल अजून ओसरलेलं नाही.

या अंकाचे संपादक आमचे जुने गिऱ्हाईक. हवा भरून घेताना त्यांनी लिहायचा आग्रह केला. मी म्हटलं, टायरवर काय लिहिणार? ते म्हणाले, तुम्ही मला दर वेळी जे ऐकवता तेच लिहा. म्हणून लिहितो आहे.

मी चांदूर बाजारचा. वडील बाजार समितीत पोती उचलायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. अमरावतीला राहून बी.एस्सी. केलं, विषय भौतिकशास्त्र. निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी माझी गुणपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, ‘‘आता तुले वजन उचलाचं काम नाही.’’ त्यानंतर वर्षभरात मी बडनेरा रोडवरच्या हमीदचाचांच्या टायरच्या दुकानात लागलो. चाचांनी चाकांची जुळणी, म्हणजे व्हील अलाइनमेंट, करणारं नवं मशीन घेतलं होतं आणि त्यांना आकडे समजणारा माणूस हवा होता. वजन मात्र मी पहिल्याच दिवशी उचललं. घरी ते सांगितलं नाही.

हमीदचाचा बाळापूरचे. शाळा चौथीपर्यंत. मला ते कधी नावानं हाक मारत नसत. ‘‘ए बीएस्सी’’ म्हणायचे. त्यात टिंगल असायची, पण गिऱ्हाइकासमोर तेच नाव घेताना त्यांची मान थोडी ताठ व्हायची, हेही मी पाहिलं आहे.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एका उतरवलेल्या टायरसमोर बसवलं. म्हणाले, ‘‘डोळे मिट. आता हात फिरव. भायेरून आत.’’ मी फिरवला. गुळगुळीत लागलं. ‘‘आता आतून भायेर.’’ तळहाताला करवतीचे दात लागले. तोच टायर, तीच जागा. चाचा म्हणाले, ‘‘हे चाक समोर पाहून चालत नव्हतं. तिरपं पाहून चालत होतं. रस्त्यानं त्याले घासून घासून दात काढले.’’

टायर वाचणं म्हणतात ते हे. बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगतो. टायर मधोमध झिजला तर हवा जास्त भरली जाते आहे. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. जागोजाग चट्टे पडले तर झटके सोसणारे शॉकॲब्जॉर्बर गेले. आणि एकच कड झिजली तर चाक एक तर सरळ दिशेनं चालत नाही, नाहीतर सरळ उभं नाही. पुस्तकात एवढंच आहे. चाचांना याच्या पलीकडचं दिसायचं.

एकदा एक डॉक्टर आले. त्यांच्या डाव्या बाजूच्या टायरला सारखी सूज यायची. म्हणजे आतला धागा तुटून बाजूला फुगा यायचा. चाचांनी टायरभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, ‘‘डॉक्टरसाहेब, तुमच्या फाटकासमोर नाली हाय?’’

‘‘आहे.’’

‘‘तिच्यावरच्या फरशीचा डावा कोपरा तुटला हाय. लोखंडाची सळई उघडी पडली हाय.’’

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. जणू मीच त्यांचं घर पाहून आलो होतो. संध्याकाळी त्यांचा फोन आला. फरशी तशीच होती, सळईसुद्धा. एवढंच की ती त्यांना रोज दिसत होती आणि तरी दिसली नव्हती. ते म्हणाले, ‘‘तुमच्या चाचांना माझ्या दवाखान्यात बसवा.’’ चाचांना निरोप सांगितला तर म्हणाले, ‘‘माणसाचं आपल्याले जमत नाही. माणूस खोटं बोलते. टायर बोलत नाही.’’

आता जे सांगायचं आहे ते माझ्या चुकीचं आहे.

अमरावतीतल्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या साहेबांची मोठी एसयूव्ही आमच्याकडे यायची. त्यांची जिनिंग अकोल्याजवळ. गाडी रोज अमरावती-अकोला-अमरावती करायची. चालवायला वासुदेवराव होते. मोझरीचे, पन्नाशीचे. सुपारीसुद्धा न खाणारा माणूस. गाडीतून उतरले की आधी बोनेटवर हात टेकवायचे, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि मग आमच्याशी बोलायचे.

कंपनीतून आलेले टायर पंचेचाळीस हजार किलोमीटर चालले. उत्तम चालले. मग आम्ही नवे चार बसवले, मशीनवर चाकांची जुळणी करून दिली. ते चौदा हजारांतच गेले. चारही टायरची एकेक कड नखासारखी पातळ झालेली. एवढ्या गाडीचे टायर चौदा हजारांत जाणं म्हणजे चप्पल आठवड्यात झिजण्यासारखं आहे.

मी गाडी मशीनवर घेतली. सगळे आकडे हिरवे. मशीनवर आकडा बरोबर असला की हिरवा दिसतो, चुकला की लाल. मी साहेबांना सांगितलं, जुळणीत दोष नाही. वासुदेवराव हळूच म्हणाले, ‘‘चौपदरीवर गाडी उजवीकडे वढते हो भाऊ. जुन्या रस्त्यानं नाही वढत.’’

मी म्हटलं, ‘‘आकडे तर बरोबर आहेत.’’

‘‘आकडे असतीन. पण मी रोज धरून राहिलो ना तिले.’’

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. ड्रायव्हर लोक काहीतरी सांगतात, असं मनात म्हटलं. उतरवलेले टायर नेहमीप्रमाणे मागच्या ढिगात टाकले. नवे चार बसले.

दुसऱ्या खेपेला पाच हजार झाल्यावर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करायचे असतात, म्हणजे झीज वाटली जाते. त्यासाठी वासुदेवराव आले आणि म्हणाले, ‘‘या बारीले बदलू नका. जिथले तिथं राहू द्या.’’ मी समजावलं. ते हलले नाहीत. ‘‘मी सांगतो ना. राहू द्या.’’ मला राग आला. हट्टी माणूस आहे म्हणून सोडून दिलं.

अकरा हजारांवर पुढचे दोन पुन्हा गेले. या वेळी साहेब स्वतः बरोबर आले होते. श्रावण संपत आला होता, दुकानात गर्दी होती. साहेब वाईट माणूस नाहीत, पण तेव्हा त्यांचा संयम संपला होता. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, ‘‘मशीनमध्ये काही दोष?’’

मी पुन्हा गाडी चढवली होती. पुन्हा सगळं हिरवं. मी म्हटलं, ‘‘नाही साहेब.’’

‘‘टायरमध्ये?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

मी म्हटलं, ‘‘मग चालवण्यावर असतं.’’

हे तीन शब्द मी किती सहज बोललो. पदवीधर माणसानं मशीनच्या बाजूला उभं राहून म्हटलेले शब्द. साहेब वासुदेवरावांकडे वळून म्हणाले, ‘‘पोळ्यापर्यंत थांबा. मग किल्ली घरी आणून द्या.’’

पोळ्याला पाच दिवस होते. वासुदेवराव बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. साहेब फोनवर बोलत बाहेर गेले तेव्हा ते मला म्हणाले, ‘‘भाऊ, टायर ढिगात टाकू नका. चाचाले दाखवा. मी लिहून ठेवलं हाय.’’

टायरच्या आतल्या बाजूला, जिथं कुणी पाहत नाही तिथं, त्यांनी नंबरप्लेटच्या पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं. एकावर ‘डावा पुढचा’, दुसऱ्यावर ‘उजवा पुढचा’. दोन्हीवर बाण काढला होता, गाडीच्या बाहेरची बाजू कोणती ते दाखवणारा. टायर बसवतानाच आमच्याच माणसाकडून रंग मागून लिहिलं होतं. अकरा हजार किलोमीटर हा माणूस एक साक्ष बरोबर घेऊन फिरत होता, आणि मला वाटत होतं तो हट्टी आहे.

चाचा दुपारची नमाज पढून आले. मी दोन्ही टायर गाडीवर असतात तसे शेजारी उभे केले. चाचा खाली बसले. हात फिरवला. एकदा या टायरवर, एकदा त्या.

‘‘ए बीएस्सी. डाव्याची कोणती कड गेली?’’

‘‘आतली.’’

‘‘उजव्याची?’’

मी वाकलो. उजव्याची बाहेरची कड गेली होती.

इथं मला थोडं समजावून सांगावं लागेल. चाकांची दिशा चुकली तर दोन्ही चाकं सारखी झिजतात. दोन्हीची आतली कड, नाहीतर दोन्हीची बाहेरची. पहिल्या वेळी टायर बदलून बदलून लावलेले, वरून ढिगात टाकलेले, त्यामुळे कोणत्या टायरची कोणती कड हे कुणालाच कळलं नव्हतं. आता दिसत होतं. डाव्याची आतली, उजव्याची बाहेरची. म्हणजे दोन्ही चाकांचे माथे एकाच बाजूला, उजवीकडे झुकलेले होते. वाऱ्यानं शेतातलं उभं पीक एका अंगाला कलावं तसे.

चाचा म्हणाले, ‘‘चालवणारा खराब असता तं मागचेही गेले असते. मागचे पाह्यले का तुवा?’’

मागचे टायर नव्यासारखे होते. ते गाडीवरच होते, माझ्या डोळ्यांसमोर. मी पाहिले नव्हते.

‘‘दोन चाकं एकाच अंगाले कशी झुकतीन, चाचा? आणि मशीनवर तर सरळ दिसतात.’’

चाचा उठले आणि मशीनजवळ गेले. गाडी जिथं उभी करतात तिथं सिमेंटच्या दोन लांब पट्ट्या आहेत, मधे खड्डा. डावी चाकं एका पट्टीवर, उजवी दुसरीवर. चाचांनी पेट्रोल काढायची पारदर्शक नळी आणली, पाण्यानं भरली, एक टोक माझ्या हातात दिलं. गवंडी भिंतीची पातळी पाहतात तशी. ‘‘धर. हलवू नको.’’ मी डाव्या पट्टीवर, ते उजव्या पट्टीवर. पाणी स्थिर झालं. चाचांनी बोटं लावून मोजलं.

उजवी पट्टी डावीपेक्षा दोन बोटं वर होती.

आमचं मशीन चाकाचा झुकाव ओळंब्यानं मोजावा तसा मोजतं. चाकाला लावलेल्या डब्यात एक काटा असतो, तो पृथ्वीच्या ओढीप्रमाणे सरळ लोंबतो. जमीन सपाट असेल तरच त्या आकड्याला अर्थ आहे. जमीन डावीकडे उतरती होती. गाडी तिच्यावर उभी राहिली की सगळी चाकं डावीकडे कलायची. मी मन लावून पुढची चाकं तेवढीच उजवीकडे झुकवून आकडे हिरवे करायचो. मग गाडी सपाट रस्त्यावर जायची आणि चाकं उजवीकडे झुकलेली धावायची. लहान गाड्यांत हा झुकाव बदलायची सोयच नसते, म्हणून त्या वाचल्या. ज्या मोठ्या गाडीवर मी जास्त मेहनत घेतली, तीच बिघडवली. आणि आपला जुना रस्ता बैलाच्या पाठीसारखा मधे उंच, डावीकडे उतरता. त्यावर गाडी डावीकडे जायची ओढ घेते. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. चौपदरी रस्ता जवळपास सपाट. तिथं गाडी उजवीकडे ओढायची. वासुदेवरावांनी मला हेच सांगितलं होतं, तेही दोनदा.

भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत सर रोज एकच सांगायचे. उपकरण ठेवण्याआधी टेबलाची पातळी तपासा. मी तीन वर्षं तपासली. दुकानात कधी तपासली नाही. मशीन दर वर्षी तपासून घ्यायचो. ते ज्या जमिनीवर उभं होतं, ती मात्र मशीन बसवलं त्या दिवशी एकदाच मोजली होती.

जमीन वर कशी आली? हे चाचांना लगेच कळलं, आणि खरं तर मलाही कळायला हवं होतं. अडीच वर्षांपूर्वी उजव्या भिंतीला लागून आम्ही गाड्या धुवायची जागा केली. तिथलं पाणी रोज खाली मुरत होतं. खाली आमची वऱ्हाडची काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पाणी प्यायली की फुगते. ती फुगली आणि फूटभर जाडीचं सिमेंट, वर उभ्या राहणाऱ्या गाड्यांसकट, तिनं दोन बोटं उचललं. आवाज नाही, तडा नाही. आम्ही त्यावरून रोज चहाचे कप घेऊन चालत होतो. आमचं शटर तेव्हापासून उजवीकडे टेकायचं आणि डावीकडे फट राहायची. त्या फटीतून उंदीर येतात म्हणून मी पोतं कोंबलं होतं. शटर वाकडं झालं असं आम्ही सगळे दोन वर्षं म्हणत होतो. जमीन वाकडी झाली असेल असं एकाच्याही मनात आलं नाही.

वडील पन्नास-पन्नास किलोची पोती उचलायचे तेव्हा मला ते जगातले सगळ्यांत ताकदवान वाटायचे. त्या दिवशी ती माती पाहताना मला तसंच वाटलं. भीती आणि आदर, दोन्ही एकदम.

चाचा म्हणाले, ‘‘आता साहेबाले सांगाले लागते.’’

मी म्हटलं, ‘‘चाचा, दुकानाचं नाव जाईल.’’

‘‘मंग त्या माणसाची रोजी जाऊ देऊ?’’ एवढं बोलून ते हात धुवायला गेले. हात धुवून परत आले आणि म्हणाले, ‘‘तू सांगजो. तुवाच म्हटलं होतं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं साहेबांच्या घरी गेलो. वासुदेवराव अंगणात गाडी पुसत होते. मी साहेबांना सगळं सांगितलं. जमीन, पाणी, माझे आकडे. शेवटी म्हणालो, ‘‘वासुदेवरावांची काही चूक नाही. मी न तपासता बोललो.’’ चाचा म्हणाले, टायर आमच्याकडून येतील. साहेबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांना दुसरंच काहीतरी खुपत होतं.

‘‘म्हणजे इतके महिने हा माणूस खरं सांगत होता?’’

‘‘हो.’’

साहेब उठून दारापर्यंत गेले. ‘‘वासुदेवराव,’’ त्यांनी हाक मारली. वासुदेवराव फडकं खांद्यावर टाकून आले. साहेब म्हणाले, ‘‘पोळ्याचं ते मनातून काढून टाका.’’

वासुदेवराव म्हणाले, ‘‘काढतो साहेब. पण पुढच्या बारीले गाडीचं काही झालं तं पयले मले पुसा. मंग मशीनले.’’

साहेब म्हणाले, ‘‘विचारीन.’’

परत निघताना मी वासुदेवरावांजवळ थांबलो. माफी मागायची होती. त्यांनीच सोडवलं. म्हणाले, ‘‘तुमी खोटं नाही बोलले भाऊ. जे दिसलं ते बोलले. पण एक डाव माह्या बाजूले बसून चौपदरीवर याले पाह्यजे होतं. वीस मिनटाचं काम होतं.’’

त्यानंतरचं काम महिनाभर चाललं. धुवायची जागा मागे हलवली. पट्ट्या फोडल्या, खालची काळी माती कंबरभर खणून काढली, मुरूम भरला, नव्यानं सिमेंट केलं. मागच्या अडीच वर्षांत ज्यांच्या मोठ्या गाड्यांचा झुकाव मी बदलला होता, त्या एकेकाला फोन करून बोलावलं. दोघं भांडले. एकजण म्हणाले, टायर झिजले तेव्हा मी पण ड्रायव्हर बदलला होता. त्या ड्रायव्हरचं नाव-गाव मी विचारलं. त्यांना आठवत नव्हतं. तो माणूस कुठे आहे, मला अजून माहीत नाही.

वासुदेवरावांची गाडी मात्र नवी जमीन होईपर्यंत थांबवायची नव्हती. पोळ्याच्या आदल्या दिवशी चाचांनी डाव्या पट्टीवर लोखंडी पाट्या ठेवून पातळी जुळवली, मी दोनदा पाण्याच्या नळीनं मोजली, आणि मग चाकं सरळ केली. नवे टायर चढवले. किल्ली देताना मी म्हटलं, ‘‘चला, मी बसतो बाजूला.’’

बडनेऱ्याच्या पुढे चौपदरी लागला. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना कपाशी. वासुदेवरावांनी वेग साठावर ठेवला. काही अंतर गेल्यावर गाडी डावीकडे सरकू लागली. पुन्हा चुकलं, असं वाटलं. वासुदेवरावांनी सावरलं. पुन्हा थोड्या वेळानं डावीकडे.

मी म्हटलं, ‘‘क्षणभर हात सोडून पाहता का?’’

त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले, जेमतेम वीतभर. गाडी सरळ गेली. पांढरी रेघ जिथं होती तिथंच राहिली. मी मनात दहा आकडे मोजले. अडीच टनांची गाडी चार तळहातांवर, कुणी न धरता, सरळ. मी श्वास घेतला.

त्यांनी हात पुन्हा ठेवले आणि गाडी पुन्हा डावीकडे झाली. तेव्हा आमच्या दोघांच्या एकदमच लक्षात आलं. इतके महिने ती उजवीकडे ओढत होती म्हणून ते तिला डावीकडे धरून होते. गाडी सरळ झाली होती. हात झाला नव्हता.

वासुदेवराव आपल्या डाव्या मनगटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘भाऊ, हे पण तुमच्या मशीनवर चढवा आता.’’

मला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नाही. ते एका हातानं मनगट चोळत राहिले, मी समोर बघत राहिलो. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांचा हात हळूहळू सैल पडत गेला.